देह किती?

(ठाणे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्मृतिव्याख्यानाला आपण जमतो ते गेलेल्या माणसाची आठवण मनात धरून. गेलेल्याचे काय उरते, कुठे उरते आणि किती काळ, हा फार जुना प्रश्न. आजचा विषय त्याच प्रश्नातून निघालेला आहे. माणूस कशाकशाचा बनलेला आहे? दिसणाऱ्या देहाच्या आत आणखी देह आहेत का, आणि असले तर किती? थिऑसॉफिकल सोसायटीच्या पहिल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाला निदान तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. ती देणारी माणसे एकमेकांना ओळखत होती, एकाच संस्थेत काम करत होती, आणि तरीही त्यांचे एकमत झाले नाही. या मतभेदातला पहिला महत्त्वाचा मजकूर आपल्या मुंबईत छापला गेला.

ठाण्यात या विषयावर बोलण्याचे एक कारण आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात देहांच्या दोन याद्या सतत कानांवर पडतात. दासबोधाच्या श्रीबैठकांना जाणारी हजारो कुटुंबे या पट्ट्यात राहतात. स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण हे चार देह त्यांना पाठ असतात. त्याच रस्त्यांवर ‘ऑरा’, ‘चक्र’, ‘एनर्जी हीलिंग’ अशा पाट्या दिसतात, आणि तिथे इथरिक, अ‍ॅस्ट्रल, मेंटल, कॉजल असे थर शिकवले जातात. कित्येकदा एकाच घरात सासूबाई पहिली यादी सांगतात आणि सूनबाई दुसरी. मग कोणीतरी समजुतीने म्हणते, नावे वेगळी, शेवटी सगळे एकच. हे वाक्य आपल्या तोंडी फार लवकर येते. मला आज एवढेच सांगायचे आहे की या बाबतीत ते खरे नाही. या याद्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. त्या एकमेकींवर चिकटवल्या की प्रत्येकीतले मोलाचे तेच हरवते.

आता थोडा इतिहास. सोसायटीचे संस्थापक मॅडम ब्लॅव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबईत उतरले आणि गिरगाव बॅक रोडवर राहू लागले. त्याच एप्रिलमध्ये मुंबईतले सहकारी मुळजी ठाकरसी यांच्याबरोबर ते कार्ल्याची लेणी पाहायला निघाले. नेरळपर्यंत आगगाडीने, तिथून माथेरान, मग खंडाळा आणि कार्ला असा तो प्रवास. मुंबईहून नेरळला जायचे तर ठाणे आणि कल्याण ओलांडूनच जावे लागते. ऑक्टोबर १८७९ मध्ये त्यांनी ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक मुंबईतून सुरू केले. डिसेंबर १८८२ मध्ये मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला गेले, तोवर मासिकाचा सारा व्याप मुंबईतच होता. अहमदाबादच्या कऱ्हाडे ब्राह्मण कुटुंबातला दामोदर मावळणकर हा विशीतला तरुण त्यासाठी रात्रंदिवस राबत होता.

मुंबईत येण्यापूर्वी, १८७७ च्या ‘आयसिस अनव्हेल्ड’ या ग्रंथात, ब्लॅव्हॅट्स्कीबाईंनी माणसाचे तीन भाग मांडले होते: शरीर, जीव आणि आत्मा. पाश्चात्त्य वाचकाला ही विभागणी ओळखीची होती. सात तत्त्वे आली ती ऑक्टोबर १८८१ च्या अंकात. लेखाचे नाव ‘फ्रॅग्मेंट्स ऑफ ऑकल्ट ट्रुथ’, आणि लेखक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. हा लेख मुळात एका पत्राला दिलेले उत्तर होते. मेलबर्नच्या टेरी नावाच्या गृहस्थांचा परलोकविद्येवर विश्वास होता. मृतांचे आत्मे माध्यमाच्या तोंडून बोलतात, मग तुम्ही थिऑसॉफिस्ट ते का नाकारता, असा त्यांचा सवाल होता. त्याला उत्तर द्यायचे तर मेल्यावर माणसाचा कोणता भाग कुठे जातो हे सांगणे भाग होते, आणि त्यासाठी माणसाचे सात भाग केले गेले. शरीर, प्राणशक्ती, लिंगशरीर, कामरूप, मन, बुद्धी आणि आत्मा, असा साधारण क्रम. पहिले तीन मृत्यूबरोबर संपतात. वरची तत्त्वे आपल्या वाटेने पुढे जातात. मध्ये वासनांचे रूप काही काळ रेंगाळते, आणि माध्यमाच्या बैठकीत टेबल हलवणारे बहुधा तेच असते. गेलेला माणूस तिथे नसतोच, असतो तो त्याचा टाकलेला कोश. बैठकीत बसून आपल्या माणसाची वाट पाहणाऱ्या टेरींसारख्यांना हे उत्तर कडू लागले असणार. पण सात तत्त्वांची यादी नेमक्या कोणत्या कामासाठी घडली, हे इथे स्वच्छ दिसते.

त्या लेखात प्राणशक्तीला ‘जीवात्मा’ असे नाव दिले होते. आपल्याकडे गावातल्या कीर्तनकारालाही यात गफलत दिसली असती. संस्कृत संज्ञा घाईघाईने उचलून बसवल्या गेल्या होत्या, आणि त्याचे परिणाम पुढे बरीच वर्षे भोगावे लागले.

जानेवारी १८८२ मध्ये मद्रासचे तरुण वकील टी. सुब्बाराव यांनी याच मासिकात सात तत्त्वांवर लेख लिहिला आणि ती विभागणी वेदान्ताच्या भाषेत मांडून पाहिली. तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. आंध्रच्या गोदावरी मुलखातला हा नियोगी ब्राह्मण. त्याची स्मरणशक्ती आणि शास्त्रांची समज पाहून ब्लॅव्हॅट्स्कीबाई चकित झाल्या होत्या. पण पुढच्या चार-पाच वर्षांत सुब्बारावांचे मत पालटले. डिसेंबर १८८६ च्या अड्यार अधिवेशनात त्यांनी भगवद्गीतेवर व्याख्याने दिली, आणि पहिल्याच व्याख्यानात सात तत्त्वांची विभागणी अशास्त्रीय आणि दिशाभूल करणारी असल्याचे सांगितले. ज्या संस्थेने पाच वर्षे ही विभागणी आपली मुख्य शिकवण म्हणून जगभर पोहोचवली, त्या संस्थेच्याच व्यासपीठावरून हे बोलले गेले.

त्यांची बाजू जरा सविस्तर सांगतो, कारण मराठी कानाला ती फार जवळची वाटेल. सुब्बारावांचे म्हणणे असे: शुद्ध चैतन्याला काम करायला जेवढ्या उपाधी, म्हणजे आधार, लागतात तेवढेच भाग मानावेत. जागेपणी स्थूल उपाधी, स्वप्नात सूक्ष्म, गाढ झोपेत कारण, आणि त्यांच्या पलीकडे आत्मा. तारक राजयोग या साधनामार्गाची विभागणी हीच आहे. या उपाधी एकमेकींपासून खरोखर अलग करता येतात. साधक एकीतून दुसरीत जाऊ शकतो आणि त्याचा जीव जात नाही. सातांच्या यादीतला प्राण शरीरापासून असा अलग करून दाखवा, असे त्यांनी जणू आव्हानच दिले. जो भाग स्वतंत्रपणे चैतन्याचे आसन होऊ शकत नाही, त्याला तत्त्व का म्हणावे? विश्वाचीही त्यांनी चौघांत मांडणी केली: परब्रह्म, मूलप्रकृती, ईश्वर आणि दैवी प्रकृतीचा प्रकाश.

आता दासबोध आठवा. सतराव्या दशकाच्या नवव्या समासाचे नावच ‘तनुचतुष्टय’. पिंडाचे चार देह, ब्रह्मांडाचे चार देह, मिळून आठ. स्थूलाला विराट, सूक्ष्माला हिरण्यगर्भ, कारणाला अव्याकृत, महाकारणाला मूळप्रकृती. जागृती, स्वप्न, सुषुप्ती, तुर्या या अवस्था त्यांना जोडलेल्या. ही मोजणी चैतन्याच्या अवस्थांवरून केलेली आहे, मेल्यानंतरच्या वाटेवरून केलेली नाही. म्हणजे १८८६ मध्ये अड्यारला सुब्बाराव जे बोलले, त्याची पायवाट महाराष्ट्रातल्या घराघरात आधीच पडलेली होती. समर्थांच्या आणि सुब्बारावांच्या चार देहांत फरक आहेच. सुब्बारावांच्या यादीत चौथा आत्मा आहे. समर्थांच्या चौथ्या देहाचेही शेवटी निरसन करायचे आहे. तो फरक छोटा नाही. पण देह मोजायचे कसे, याची रीत दोघांची सारखी आहे.

ब्लॅव्हॅट्स्कीबाई तेव्हा युरोपात होत्या. एप्रिल १८८७ च्या अंकात त्यांनी उत्तर दिले, मे महिन्यात सुब्बारावांनी प्रत्युत्तर, आणि ऑगस्टच्या एकाच अंकात पुन्हा दोघांचे लेख. बाईंचे म्हणणे थोडक्यात असे की सात आणि चार यांत विरोध नाही. साधनेसाठी चार पुरतात, पण मृत्यूनंतर माणसाचे काय होते हे समजायला सात लागतात. शिवाय १८८२ मध्ये तुम्हीच सातांचे समर्थन केले होते, याची त्यांनी सुब्बारावांना आठवण दिली. सुब्बारावांना हा समेट मान्य झाला नाही. १८८८ मध्ये त्यांनी संस्था सोडली आणि जून १८९० मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षात त्यांचे निधन झाले. ब्लॅव्हॅट्स्कीबाई मे १८९१ मध्ये गेल्या.

या वादाची मला सर्वांत आवडणारी बाजू म्हणजे तो उघड्यावर झाला. संस्थेची मुख्य आचार्या आणि संस्थेचा सर्वांत मोठा वेदान्ती, दोघे संस्थेच्याच मासिकात एकमेकांचे खंडन करतात, आणि वाचक दोन्ही बाजू एकाच अंकात वाचतो. आपल्याकडे पंथात मतभेद झाला की एक तर कोणी बाहेर पडतो, नाहीतर मतभेदावर पांघरूण घातले जाते. छापील पानावर समोरासमोर बसण्याची ही रीत आपण उचलायला हवी.

आणि इथे एका मराठी माणसाचे ऋण मानले पाहिजे. तुकाराम तात्या पडवळ. १८६१ मध्ये ‘एक हिंदू’ या नावाने त्यांनी ‘जातिभेद विवेकसार’ लिहिले. १८६५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती जोतीराव फुल्यांनी काढली. हेच तुकाराम तात्या पुढे मुंबईच्या थिऑसॉफिकल सोसायटीचा कणा झाले. त्यांनी मुंबईत होमिओपॅथीचा धर्मार्थ दवाखाना चालवला, आणि उपनिषदांपासून तुकोबांच्या गाथेपर्यंत ग्रंथ छापून ते स्वस्तात लोकांपर्यंत पोहोचवले. सुब्बारावांची गीतेवरची व्याख्याने १८८८ मध्ये त्यांनीच मुंबईत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, आणि १८९५ मध्ये सुब्बारावांचे लेखही संग्रह करून काढले. संस्थेची रूढ शिकवण सातांची असताना चारांच्या कैवाऱ्याचे पुस्तक त्यांनी पदरचे श्रम घालून जपले. जातिभेदावर लिहिताना जो धीटपणा लागला, तोच इथेही लागला असणार.

त्याच सुमारास लंडनमध्ये सोसायटीच्याच दोघांकडून तिसरे उत्तर आकार घेत होते. चार्ल्स लेडबीटर यांचे ‘द अ‍ॅस्ट्रल प्लेन’ १८९५ चे, अ‍ॅनी बेझंट यांचे ‘मॅन अँड हिज बॉडीज’ १८९६ चे. पाट्यांवर आणि शिकवणी वर्गांत आज दिसणारी भाषा बव्हंशी याच पुस्तकांतून आली. बाहेरून पाहता बदल नावांचा होता. ब्लॅव्हॅट्स्कीबाई लिंगशरीराला ‘अ‍ॅस्ट्रल बॉडी’ म्हणत. आता लिंगशरीर ‘इथरिक डबल’ झाले, आणि ‘अ‍ॅस्ट्रल बॉडी’ हे नाव वासनेच्या देहाकडे गेले. १८८९ चे ‘द की टू थिऑसॉफी’ आणि १८९६ चे हे पुस्तक एकापाठोपाठ वाचणाऱ्याचा गोंधळ होतो तो इथेच. नावे बदलली म्हणून मला राग नाही. आशय बदलला, हे महत्त्वाचे. ब्लॅव्हॅट्स्कीबाईंच्या मांडणीत कामवासनेला स्वतंत्र रूप येते ते मेल्यानंतर. जिवंतपणी ती एक शक्ती म्हणून माणसात मिसळलेली असते. बेझंट आणि लेडबीटर यांच्या मांडणीत वासनेचा देह जिवंतपणीच तयार असतो, झोपेत माणूस त्यात बसून फिरायला जातो, आणि अभ्यासाने त्याला सुघड करता येते.

जगाच्या मांडणीचेही तसेच झाले. सातांची गणना माणसावरून उचलून जगावर बसवली गेली. सात भूमिका, म्हणजे ‘प्लेन’, आणि प्रत्येकीच्या सात उपभूमिका. स्थूल भूमिकेवर घन, द्रव, वायू आणि चार प्रकारचे इथर. कोणत्या भूमिकेवर काय दिसते, तिथे कोण राहतात, रंग कोणते, याची वर्णने आली. दिव्यदृष्टी असलेला माणूस काय पाहतो, हा या यादीचा प्रश्न. पाहणाऱ्यावर विश्वास असेल तर उत्तर मोठे मनोवेधक आहे. पण ‘मी कोण’ हा सुब्बारावांचा प्रश्न त्यात कुठे गेला, ते मला सापडत नाही.

एकाच संज्ञेवर सगळा फरक उघडा करून दाखवतो. कारणदेह. वेदान्तात कारणदेह म्हणजे अविद्या. गाढ झोपेत मला काही कळत नाही, तो न कळणारा अंधार म्हणजे कारणदेह. आपल्या सीमेवरच्या इंचगेरी परंपरेतले सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) चार देहांचे निरसन शिकवत. त्यांच्या शिकवणीत साधक कारणदेहापाशी येतो तेव्हा त्याला भेटते निव्वळ विस्मरण. तिथे हाती काहीच लागत नाही, आणि त्या ‘काहीच नाही’ला जाणणारा कोण, असे विचारून पुढे जायचे असते. आता लेडबीटर यांचे १९०२ चे ‘मॅन व्हिजिबल अँड इनव्हिजिबल’ उघडा. त्यात कारणदेहाची रंगीत चित्रे आहेत. रानटी म्हटलेल्या माणसाचा कारणदेह जवळजवळ रिकाम्या बुडबुड्यासारखा, सामान्य माणसाचा थोडा रंगीत, उन्नत माणसाचा झळाळता, आणि अर्हताचा तर तेजाचा पुंज. तो जन्मोजन्मी टिकतो, सद्गुण साठवतो, वाढत जातो. एका ठिकाणी कारणदेह हा ओलांडायचा अंधार, दुसऱ्या ठिकाणी तो जपायचा आणि वाढवायचा ठेवा. शब्द तोच आहे, पण साधनेची दिशा नेमकी उलट झाली आहे. इथे ‘शेवटी एकच’ म्हणणारा दोन्ही गुरूंवर अन्याय करतो.

त्या चित्रांविषयी आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. माणसांची रांग लावायची, एका टोकाला ‘रानटी’ आणि दुसऱ्या टोकाला ‘उन्नत’, आणि आत्म्याचा रिकामेपणा रंगवून दाखवायचा, हे मला मान्य नाही. ती त्या काळच्या साम्राज्याची नजर आहे, आणि दिव्यदृष्टीचे नाव घेऊन ती आत शिरली आहे. चार देहांच्या जुन्या शिकवणीत कोणाचाही कारणदेह दुसऱ्यापेक्षा रिकामा किंवा भरलेला नसतो. राजाची गाढ झोप आणि हमालाची गाढ झोप सारखीच. ‘जातिभेद विवेकसार’ लिहिणाऱ्या माणसाने सुब्बारावांचे लेख छापले, यात मला एक संगती दिसते. तुकाराम तात्यांच्या मनात ती होती असा दावा मी करत नाही. वाचणाऱ्याने ती पाहावी, इतकेच.

पुढच्या काळाविषयी थोडक्यात. मूळ शिकवणीकडे परत चला, असा आवाज संस्थेतून उठला. मुंबईचे बी. पी. वाडिया, मद्रासच्या कामगार चळवळीत १९१८ मध्ये युनियन उभी करणारे तेच, १९२२ मध्ये अड्यारच्या सोसायटीतून बाहेर पडले आणि युनायटेड लॉज ऑफ थिऑसॉफिस्ट्स या स्वतंत्र संघटनेत गेले. १९२९ मध्ये तिची मुंबई शाखा निघाली. न्यू मरीन लाइन्सचा थिऑसॉफी हॉल हे तिचेच घर. तिथे आजही आधार ब्लॅव्हॅट्स्कीबाईंच्या मूळ ग्रंथांचा. चौपाटीजवळ फ्रेंच ब्रिजपाशी अड्यारच्या परंपरेचे ब्लॅव्हॅट्स्की लॉज आहे. दोन्ही वास्तू एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्याच १९२९ मध्ये, ३ ऑगस्ट रोजी, हॉलंडमधील ओमेन येथे सोसायटीतच वाढलेल्या जे. कृष्णमूर्तींनी आपल्याभोवती उभारलेली ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ ही संघटना विसर्जित केली. सगळ्या भूमिका आणि उतरंडीच त्यांनी बाजूला ठेवल्या.

श्रोत्यांपैकी काही जण म्हणतील, मग सातांची यादी टाकून द्यायची का? मी तसे म्हणणार नाही. घरात मृत्यू झालेल्या माणसाला चार देहांचे निरसन सांगून भागत नाही. त्याचा प्रश्न टेरींचाच असतो: आमचे माणूस आता कुठे आहे, आणि कोणी म्हणाले की ते माझ्याशी बोलते, तर ते खरोखर तेच का? या प्रश्नाला ब्लॅव्हॅट्स्कीबाईंच्या सातांनी निर्भीड उत्तर दिले. ते मानायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण त्या उत्तराने अनेकांना भोंदू माध्यमांच्या दारातून परत वळवले असेल, असे मला वाटते. आजही गेलेल्यांशी बोलणे करून देतो म्हणणारे आहेत. त्या ठिकाणी चारांपेक्षा सात उपयोगी पडतात, असे मी मोकळेपणाने सांगतो.

ब्लॅव्हॅट्स्कीबाई स्वतः मात्र आपल्या सातांना चिकटून राहिल्या नाहीत. शेवटच्या दोन-तीन वर्षांत निवडक शिष्यांना दिलेल्या पाठांत त्यांनी यादी पुन्हा बदलली. आत्म्याला तत्त्वांच्या मोजणीतून बाहेर काढले, आणि माणसाला वेढणाऱ्या तेजोमय आवरणाला तिथे जागा दिली. आत्मा हा माणसाचा भाग नव्हेच, मग तो सातवा कसा, असा त्यांचा विचार होता. सुब्बारावांच्या आक्षेपाचा सूरही काहीसा असाच होता: मोजणी कुठे थांबते ते नीट सांगा. बाईंनी त्यांचे म्हणणे कधी मान्य केले नाही, पण ते त्यांच्या मनात काम करत राहिले असावे, असे मला वाटते.

याचा एक पुरावा छापील आहे. ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ या १८८८ च्या महाग्रंथाच्या हस्तलिखितावर सुब्बारावांनी नजर फिरवावी, अशी बाईंची इच्छा होती. सुब्बारावांनी हस्तलिखित पाहिले आणि ते काम नाकारले. वाद पेटला तो त्यानंतर. तरीही ग्रंथ बाहेर आला तेव्हा पहिल्या खंडात तीन रकान्यांचा एक तक्ता होता: पहिल्या रकान्यात सात तत्त्वे, दुसऱ्यात वेदान्ताचे पंचकोश, तिसऱ्यात तारक राजयोगाची, म्हणजे सुब्बारावांनी पुढे केलेली विभागणी. तक्त्याखालच्या विवेचनात बाईंनी लिहिले की माणसात तत्त्वे सात असली तरी आत्मा स्वतंत्रपणे काम करू शकेल अशा उपाधी तीनच आहेत, सिद्ध पुरुष त्या अलग करू शकतो, आणि प्रत्यक्ष साधनेला तिसऱ्या रकान्यातली विभागणीच सर्वांत चांगली आणि सोपी.